‘लोल’चा अधिकृत उच्चार

मी बातम्या वाचते. रेडिओवर, संध्याकाळच्या. माझं तोंड शहरात कोणी ओळखत नाही, पण दुकानात नुसतं "हे कसं दिलं?" म्हणून विचारलं तरी आजूबाजूची माणसं गप्प होतात, आता कोणीतरी गेल्याची बातमी येणार म्हणून. असा माझा आवाज. ह्या आवाजात मी पूर वाचले, निवडणुका वाचल्या, एकदा तर स्वतःच्याच चुलत सासऱ्यांच्या निधनाची बातमी वाचली, आणि आवाज म्हणून हलला नाही. हसण्याचा तर प्रश्नच येत नाही. स्टेशनातले लोक मला पाठीमागे ‘इस्त्री’ म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंसुद्धा.

घरी ह्या इस्त्रीला सुरकुत्या पाडायला एक मुलगी आहे. कॉलेजात जाते. ती हसत नाही, ‘लोल’ म्हणते. मी परवा पायरीवरून घसरले, तर हात द्यायचा सोडून चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाली, "लोल." खोलीतून बाहेर पडताना ‘ब्रब’, म्हणजे ‘आलेच’. काहीही विचारलं की ‘आयडीके’, म्हणजे ‘माहीत नाही’. मी म्हटलं, "अगं, हे लिहायचे शब्द ना? मग ते तोंडाने कशाला?" तर म्हणाली, "आई, चिल." तिच्या बाबांनी तर केव्हाच शस्त्रं खाली ठेवली. शेजाऱ्यांच्या दारातून परतताना तेही हल्ली हात हलवून "ब्रब" म्हणतात, आणि शेजारी बिचारे आत जाऊन एकमेकांना विचारतात की ह्यांना काय झालं.

हे सगळं मी सहन करत होते, कारण स्टेशनात पाऊल टाकलं की मी शुद्ध भाषेच्या राज्यात यायचे. पण गेल्या महिन्यात आमच्या संचालकांनी तिथेही एक यंत्र आणून बसवलं. मजकूर भरला की ते बाईच्या आवाजात घडाघडा वाचून दाखवतं. अडखळत नाही, शिंकत नाही, रजा मागत नाही. आम्ही त्याचं नाव ‘गुणी बाळ’ ठेवलं.

मग संचालकांनी मला खोलीत बोलावलं. "मॅडम, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहेच," ते म्हणाले. आदराने सुरू झालेलं वाक्य कुठे जाऊन बसतं ते मला चांगलं कळतं. "ह्या आठवड्यात तुमचं वाचन तपासलं जाईल. एक जरी चूक झाली, तर पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचं बातमीपत्र यंत्र वाचेल. तुम्हाला सकाळचे बाजारभाव देऊ."

बाजारभाव! उभा जन्म ह्या खुर्चीत काढला तो बटाट्याची आवक सांगण्यासाठी? पण मी "बरं" म्हटलं आणि ताठ मानेने बाहेर पडले.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ती बातमी आली.

झालं होतं असं. शहराच्या पूर्व भागात चार दिवस नळाला पाणी नव्हतं. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पाणीपुरवठा खात्याच्या ऑनलाइन पानावर तक्रार लिहिली. सविस्तर, आदरपूर्वक, ‘आपली कृपाभिलाषी’सकट. तिला खात्याच्या प्रमुखांनी स्वतः उत्तर दिलं. काय, तर ‘लोल’. आणि पुढे ते तीन पिवळे गोल चेहरे, हसून हसून डोळ्यांतून पाणी गळणारे. दुपारपर्यंत सगळा पूर्व भाग रिकाम्या बादल्या घेऊन खात्याच्या दारात. एकाने फलकावर त्या चेहऱ्यांचं चित्र काढून खाली लिहिलं होतं, ‘चार दिवसांत आलेलं पाणी.’

संध्याकाळची पहिलीच बातमी ती. आता आमच्याकडे एक जुना नियम आहे. कोणाचं म्हणणं अवतरणात आलं की ते जसंच्या तसं वाचायचं, त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही. आणि शब्द नवा असेल, तर उच्चार समितीला विचारल्याशिवाय तो तोंडातून काढायचा नाही. मी ‘लोल’वर बोट ठेवलं आणि समिती बोलावली.

समितीत तिघे. अध्यक्ष म्हणजे भाषेचे निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे सर म्हणतात. दुसऱ्या एके काळच्या नाटकातल्या नटी, आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून खर्जताई. तिसरे संचालकांचे मेहुणे. ते बॅटऱ्या विकतात. उच्चारांशी त्यांचा संबंध काय, असं आजवर कोणी विचारलं नाही, कारण ते संचालकांच्या बायकोचे सख्खे भाऊ आहेत.

"परकी आद्याक्षरं सुटी सुटी वाचावीत," सर म्हणाले. "एल. ओ. एल."

"हे काय, गाडीचा नंबर वाचताय का सर?" खर्जताई उसळल्या. "ह्यात हसू कुठाय? लोऽऽऽल! हे असं बेंबीपासून यायला पाहिजे." कपाटाची काच वाजली.

"आमच्या घरी तर ‘लॉल’ म्हणतात बुवा," मेहुणे म्हणाले. "कॉल, बॉल, लॉल."

"तुमच्या घरी उद्या काहीही म्हणतील!"

"घरापर्यंत जायचं काम नाही हां ताई."

बातम्यांची वेळ जवळ येत चालली होती आणि ही तीन माणसं आळीपाळीने लोल, लॉल आणि एलोएल करत होती. शेवटी मी जे करायला नको होतं ते केलं. म्हटलं, माझी मुलगी हा शब्द दिवसभर जिभेवर घोळवते, तिला विचारू. फोन लावला, टेबलाच्या मध्ये ठेवला, आणि सर खाकरून पुढे वाकले.

"बाळ, मी उच्चार समितीचा अध्यक्ष बोलतोय."

पलीकडून आलं, "हे प्रँक आहे का?"

"नाही, नाही. एक शंका होती. ‘लोल’ ह्या शब्दातला ओकार तुम्ही तरुण मंडळी पूर्ण उच्चारता, की तोंड जरा फाकवून?"

"ब्रो, लोल आता कोणीच म्हणत नाही."

सरांनी फोनवर हात ठेवून मला हळूच विचारलं, "ब्रो म्हणजे?"

"भाऊ," मी म्हटलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सर सत्तरीचे, त्यांना बऱ्याच वर्षांत कोणी भाऊ म्हटलं नसावं. ते चक्क खूश झाले.

"पण तू तर दिवसभर म्हणतेस!" मी मध्येच ओरडले.

"आई? तू पण आहेस तिथे? अगं, मी आयरॉनिकली म्हणते."

"उपरोधाने," सर पुटपुटले.

"मग हल्ली खरोखर हसू आलं तर काय म्हणता?" खर्जताईंनी विचारलं.

"मेले."

"कोण मेलं?" मेहुणे दचकले.

"म्हणजे मी. हसून. किंवा मग नुसती कवटी टाकायची."

मेहुण्यांनी खुर्ची मागे सरकवली. "कवटी कुठे टाकायची?" ते म्हणाले. "चित्र असतं ते, फोनमधलं," मी म्हटलं.

"थँक यू हं बाळ," सर म्हणाले.

"नो प्रॉब्लेम ब्रो. आई, येताना चार्जर आण. ब्रब."

मग सरांनी निकाल दिला. तो तिघांपैकी कोणालाच पटला नाही, सरांना स्वतःलाही नाही, म्हणून तो सर्वानुमते मंजूर झाला. ‘लोल’ हे संक्षिप्त रूप, आणि बातमीत संक्षिप्त रूप फोडून वाचतात, म्हणून वाचायचं ‘मोठ्याने हसत आहे’. चेहऱ्यांचं वर्णन करायचं. आणि चेहरे तीन, म्हणून वर्णन तीनदा.

"तीनदा?" मी म्हटलं.

"जसंच्या तसं, मॅडम. नियम म्हणजे नियम."

"आणि भावना अजिबात नको," खर्जताईंनी दारातून बजावलं. "हसलीस तर खात्याची झालीस, रडलीस तर मोर्चाची."

मी खुर्चीत बसले. लाल दिवा लागला. काचेपलीकडे ध्वनितंत्रज्ञ, त्याच्या मागे हाताची घडी घालून संचालक. मी माझा निधनाचा आवाज लावला आणि सुरू केलं. पूर्व भागात चार दिवस पाणी नाही. निवृत्त शिक्षिकेची तक्रार. ‘ह्या तक्रारीला उत्तर देताना पाणीपुरवठा प्रमुखांनी म्हटलं आहे: मोठ्याने हसत आहे.’ इथपर्यंत सगळं ठीक. ‘हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.’ हेही गेलं. ‘हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.’ इथे काचेमागचा ध्वनितंत्रज्ञ एकाएकी खाली वाकला. मला वाटलं वायर शोधतोय. पण वायर शोधणाऱ्याचे खांदे असे गदागदा हलत नाहीत.

मी नजर कागदावर गाडली आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. ‘हसून हसून डोळ्यांत पा’ एवढंच बाहेर पडलं. ‘णी’ आलंच नाही. त्याच्याऐवजी नाकातून एक आवाज आला, घोड्याने काढावा तसा. त्या आवाजाचंच मला हसू आलं. आणि मग इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं हसू, पुरातलं, निवडणुकांतलं, चुलत सासऱ्यांचंसुद्धा, एकदम बांध फुटल्यासारखं सुटलं.

संचालकांनी हातवारे करून यंत्र सुरू करायला लावलं. ध्वनितंत्रज्ञाने ते केलं, पण डोळे पुसण्याच्या नादात माझा माइक बंद करायचा विसरला. त्यामुळे शहराने जे ऐकलं ते असं: गुणी बाळ बर्फासारख्या थंड आवाजात तीच बातमी पहिल्यापासून वाचतंय, ‘मोठ्याने हसत आहे’ म्हणतंय, आणि मागे एक बाई ते करून दाखवतेय. आमच्या स्टेशनाने इतकी सचित्र बातमी कधी दिली नव्हती.

हसू ओसरलं तेव्हा मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, त्या खुर्चीवर माझा जीव आहे. संचालकांच्या खोलीत गेले तेव्हा डोळे पुसत होते, आणि त्यातलं पाणी हसण्याचं की रडण्याचं हे मलाही सांगता आलं नसतं.

"ह्यात मॅडमची चूक नाही," सर माझ्या बाजूने उभे राहिले. "मजकूर ‘मोठ्याने हसत आहे’ असा होता. त्या मोठ्यानेच हसल्या. उच्चार निर्दोष होता."

संचालकांनी सरांकडे असं पाहिलं की सर खिडकीबाहेर बघायला लागले. "मॅडम," संचालक म्हणाले, "मी आता काय बोलू?" तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकला, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "पाणीपुरवठा प्रमुख. त्यांना तुम्हीच हव्या आहात."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमचं स्टेशनही पूर्व भागातच आहे, म्हणजे तेवढंच काय ते शिल्लक होतं. "साहेब, मी तुमची माफी मागते," मी सुरुवात केली.

"नाही हो ताई, ऐका तर." माणसाचा आवाज पदाच्या मानाने फारच बारीक होता. "मी हसलो नव्हतो."

"म्हणजे?"

"ते मी सगळ्यालाच लिहितो. वरून फाईल मागितली, लोल. बायकोने विचारलं कधी येताय, लोल. बोटांना सवयच लागलीय. बाईंची तक्रार वाचली आणि घाबरलो हो मी. पंपाची मोटार जळलेली, सुटा भाग मिळत नव्हता, काय उत्तर देऊ सुचेना. काहीच न लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून मग..."

"आणि ते चेहरे?"

"ते लोल लिहिलं की आपोआप पुढे येतात. हात लागला."

"तीनदा?"

"घाबरलो की माझा हात थरथरतो ताई." मग ते म्हणाले, "माझी आई तुमच्या बातम्या कधी चुकवत नाही. आज तुमचं हसणं ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तहानलेल्या माणसांना तू हे असं हसलास?’ काय सांगू तिला? मी लिहिलं तेव्हा त्याला आवाजच नव्हता हो."

सगळा पूर्व भाग ज्या हसण्यावर चिडून रस्त्यावर उतरला होता, ते कोणी हसलंच नव्हतं. ह्या अख्ख्या प्रकरणात खरोखर मोठ्याने हसलेली मी एकटी.

त्यांना रेडिओवरून लोकांची माफी मागायची होती. हे ऐकल्यावर संचालकांचा चेहरा उजळला. बातमीपत्र संपायला थोडा अवकाश होता, आणि माणूस फोनवर तयार होता. पण गुणी बाळाला समोरच्याशी बोलता येत नाही, त्याला आपलं वाचता येतं तेवढंच. "जा," संचालक मला म्हणाले. "पण आता हसलात, तर बाजारभावसुद्धा विसरा."

मी परत खुर्चीत बसले. पाणीपुरवठा प्रमुख बोलायला लागले आणि, काय सांगू, फार चांगलं बोलले. आवाज कापत होता, पण आडपडदा नव्हता. "पूर्व भागातल्या सगळ्यांची मी हात जोडून माफी मागतो. मोटार आज बदलली आहे, उद्या सकाळी पाणी येईल. बाईंनी इतकं नीट लिहिलं होतं, त्यांना मी फार वाईट वागवलं. माझं चुकलं." आणि मग, वाक्य संपलं आणि पुढे काही सुचेना तेव्हा, स्वच्छ, खणखणीत आवाजात: "लोल."

काचेपलीकडे ध्वनितंत्रज्ञ पुन्हा टेबलाखाली गेला. संचालकांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. सगळं शहर कान टवकारून होतं, आणि उद्या रिकाम्या बादल्यांऐवजी लोक काय घेऊन जातील हे मला दिसत होतं. तो शब्द हसण्याचा नाही, भीतीचा आहे, हे त्या क्षणी फक्त मला माहीत होतं. आणि ते समजावून सांगायला पुरतील एवढे सेकंद माझ्याकडे नव्हते.

आजवर मी बातमीतला काना इकडचा तिकडे केला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा माइकवर खोटं बोलले.

"पाणीपुरवठा प्रमुखांना ठसका लागला आहे," मी निधनाच्या आवाजात म्हणाले. "घरातल्या कोणीतरी त्यांना घोटभर पाणी द्यावं."

आणि फोनवर मागून एका म्हातारीचा आवाज आला, साऱ्या शहराला ऐकू जाईल असा. "पाणी कुठलं? चार दिवस नाहीये. त्यालाच विचारा की!"

मी हसले नाही. कशी नाही हसले ते माझं मला माहीत. टेबलाखाली स्वतःच्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "आता हवामान," मी म्हणाले. "उद्या हवा कोरडी राहील."

बाहेर आले तर सगळे दारातच उभे. "‘ठसका’चा उच्चार मात्र..." सरांनी सुरुवात केली, आणि खर्जताईंनी त्यांना गप्प केलं. टेलिफोन ऑपरेटरने सांगितलं की खूप फोन येताहेत. बहुतेक लोक हसताहेत, आणि प्रमुखांच्याही घरी पाणी नाही ह्याचं त्यांना फार समाधान वाटतंय. तक्रार लिहिणाऱ्या शिक्षिकाबाईंनीही कळवलं की माफी पोचली. संचालक ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. मग आम्ही त्यांच्या खोलीत गेलो, तर टेबलावरचा फोन वाजला आणि तो पुन्हा माझ्यासाठीच निघाला.

"बाई, तुम्ही खोटं बोललात," म्हातारी म्हणाली.

"हो."

"ठसका नव्हता तो."

"नव्हता."

"लहानपणी अंधाराला घाबरला की असंच काहीतरी बरळायचा." मग म्हणाली, "बरं केलंत. उद्या तुम्हीच वाचणार ना? की ती मघाची, थंड आवाजाची?"

मी रिसीव्हर संचालकांपुढे धरला. "आजी विचारताहेत, उद्या कोण वाचणार."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं, रिसीव्हरकडे पाहिलं. घ्यावाच लागला. "ह्याच वाचतील, आजी," ते म्हणाले. पलीकडून आणखी काही विचारलं गेलं. "हो, परवासुद्धा." पलीकडचा आवाज चढला. मला शब्द कळले नाहीत, पण संचालक हळूहळू खुर्चीत बसले.

"हो, आजी," ते म्हणाले. "रोज."